ट्रेडिंग करणाऱ्याने लॉटरी-मटका खेळावा का?

भाऊ, दिवाळी बंपरचं एखादं तिकीट घेतलंस तर बिघडत नाही. ते पैसे खर्चात धर. मटक्याचं मात्र नाव काढू नकोस. तो बेकायदा आहेच, वर हिशेबही तोट्याचा. दहा आकड्यांतला एक लागतो आणि रुपयाला नऊ मिळतात, म्हणजे शंभरामागे सरासरी दहा गेलेच.

खरा धोका सवयीचा. हरल्यावर डाव दुप्पट करायचा, ही खोड मटक्यातून ट्रेडिंगमध्ये येते. पाचशेपासून दुप्पट करत गेलास, तर सलग सहा हारींत 31,500 रुपये संपतात. पडत्या शेअरमध्ये ॲव्हरेज करत राहणं, म्हणजे भाव पडेल तसे आणखी शेअर घेत जाणं, त्याचंच भावंड.

त्यापेक्षा असं कर: भांडवल दोन लाख असेल तर एका सौद्यात जोखीम एक टक्का, म्हणजे 2,000. स्टॉपलॉस (तोटा थांबवायला शेअर विकायचा आधीच ठरवलेला भाव) खरेदीच्या आठ रुपये खाली असेल तर 250 शेअर, जास्त नाही. केळीच्या पट्टीचा (विक्रीचा) आलेला पैसा थेट ऑप्शनमध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरच्या सौद्यांत, टाकू नकोस. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या 2024 च्या अहवालात तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणारे 93 टक्के किरकोळ ट्रेडर तोट्यात निघाले.

कराचंही बघ. लॉटरीच्या बक्षिसावर 30 टक्के कर, वर सेस, आणि त्यातून तिकिटांचा खर्चही वजा होत नाही. एफ अँड ओचा तोटा मात्र वेळेत रिटर्न भरलं तर आठ वर्षं पुढे ओढता येतो.