निनवे वाचले, मग यरुशलेम का नाही?

प्रश्न: बायबलमध्ये योना या संदेष्ट्याने, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्याने, निनवे नगराला ‘चाळीस दिवसांनी निनवे उलथून पडेल,’ असे बजावले, पण लोकांनी उपास केला आणि नगर शाबूत राहिले. मग त्याचे भाकीत खोटे ठरले ना? आणि उपासतापासाने देवाला दया येत असेल, तर यहूदी लोकांची राजधानी यरुशलेम का जळाले?

उत्तर: भाकीत खोटे ठरले नाही. संदेष्ट्याने सुनावलेली शिक्षा हा बहुतेक वेळा इशारा असतो. यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या १८व्या अध्यायात, कुंभाराच्या घरी, हा नियम स्पष्ट सांगितला आहे: राष्ट्राने दुष्टपणा सोडला तर देव ठरवलेले अरिष्ट आणत नाही. पुढचा भाग मात्र वाचक विसरतात. राष्ट्र बिघडले, तर कबूल केलेले कल्याणही मागे घेतले जाते.

निनवेत पश्चात्तापाची खूण म्हणून राजा राखेत बसला, गुराढोरांनाही तरट नेसवले. पण योनाच्या ग्रंथातले पुढचे वाक्य नीट वाचा. देवाने पाहिली ती त्यांची कृती, ते कुमार्गापासून वळले ही. तरटाचा तिथे उल्लेखसुद्धा नाही.

यरुशलेमची गोष्ट यिर्मयाच्या ३४व्या अध्यायात आहे आणि ती फार बोचते. इब्री दासाला सहा वर्षांच्या चाकरीनंतर सोडायचे, हा जुना नियम पिढ्यानपिढ्या कोणी पाळला नव्हता. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने वेढा घातल्यावर सिद्कीया राजा आणि सरदारांनी मंदिरात करार केला. वासरू चिरून त्याच्या दोन भागांमधून ते चालत गेले. करार मोडला तर आपलीही हीच गत होवो, असा त्याचा अर्थ. दास सुटले. मग मिसरचे (इजिप्तचे) सैन्य मदतीला निघाल्याची बातमी आली, बाबेलवाल्यांनी वेढा उठवला, आणि धन्यांनी तेच दास पुन्हा कामाला जुंपले. भीती होती तोवरच पश्चात्ताप होता. बाबेलचे सैन्य परत आले आणि इ.स.पू. ५८६च्या सुमारास नगर पडले. नाशाचे हे एकच कारण नव्हते. मूर्तिपूजा आणि निरपराधांचे रक्त हे आरोप कितीतरी जुने होते. पण सुटकेची वाट कशी हातची घालवली, ते इथे सर्वांत स्पष्ट दिसते.

आणखी एक. पश्चात्ताप केला की माफी हक्काने मिळते, असे संदेष्टे म्हणत नाहीत. आमोस ‘कदाचित’ म्हणतो. योएल आणि निनवेचा राजा दोघेही ‘कोण जाणे’ म्हणतात. दया देवाच्या मर्जीची आहे, आपण तिची किंमत मोजू शकत नाही.

प्रश्न: वाडवडिलांच्या पापाची शिक्षा मुलांना होते का?

उत्तर: बाबेलमध्ये नेलेले यहूदी बंदिवान हेच म्हणत होते: आंबट द्राक्षे खाल्ली बापांनी, दात आंबले मुलांचे. यहेज्केल संदेष्टा आपल्या ग्रंथाच्या १८व्या अध्यायात ही म्हणच बंद करायला सांगतो. जो पाप करतो तोच मरेल, आणि दुष्ट वळला तर जगेल. वळायचे म्हणजे काय करायचे, तेही तो ३३व्या अध्यायात सांगतो: घेतलेले गहाण परत करायचे, लुबाडलेले भरून द्यायचे आणि पुढे अन्याय करायचा नाही.