जुन्या नोटा : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : एका विक्रेत्याकडे ‘बँक ऑफ बॉम्बे’ असे ठळक छापलेला, १८९४ सालची तारीख असलेला सुंदर कागद पाहिला. ती बँकेची दुर्मीळ नोट आहे, असे तो सांगतो. घ्यावी का?
— वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : नोटेच्या भावाने अजिबात घेऊ नका. १८९४ साली त्या बँकेला नोटा काढायचा अधिकारच नव्हता.

बँक ऑफ बॉम्बे १८४० साली सुरू झाली आणि बंगाल व मद्रासच्या बँकांप्रमाणे तिनेही स्वतःच्या नोटा काढल्या. १८६१च्या कागदी चलन कायद्याने तो हक्क सरकारने आपल्याकडे घेतला. १ मार्च १८६२ पासून नोटा फक्त सरकारच्या. कापसाच्या सट्ट्याचा फुगा १८६५ साली फुटला, त्यात बँक खिळखिळी झाली आणि १८६८ साली तिच्या जागी त्याच नावाची नवी बँक उभी राहिली. ती १९२१ साली इम्पीरियल बँकेत गेली आणि १९५५ साली इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली. १८६८च्या या नव्या बँक ऑफ बॉम्बेने स्वतःची एकही नोट काढलेली नाही. त्यामुळे १८६८ नंतरचा कागद चेक, ड्राफ्ट नाहीतर शेअर सर्टिफिकेट असणार.

आधी मजकूर वाचा. ‘अमुक व्यक्तीला पैसे द्या’ असा आदेश असेल तर तो चेक किंवा ड्राफ्ट. नोटेवर बँक स्वतः धारकाला मागताक्षणी पैसे द्यायचे वचन देते. बँकेच्या खऱ्या नोटांपैकी काहींवर मुंबईच्या टाउन हॉलचे चित्र आहे, तर काहींवर एल्फिन्स्टन आणि माल्कम या मुंबईच्या माजी गव्हर्नरांचे पुतळे. परत आलेल्या नोटा बँक रद्द करीत असे, म्हणून आज हाती लागणाऱ्या नोटा फार थोड्या आणि त्यातही नमुना किंवा रद्द केलेल्या प्रती बऱ्याच. चेकही जरूर जमवावा, बँकेच्या इतिहासाचा तो अस्सल पुरावा आहे. फक्त पैसे चेकचे मोजा.

प्रश्न : घरात एका बाजूनेच छापलेली दहा रुपयांची जुनी नोट आहे. मधोमध कापून पुन्हा चिकटवली आहे. ती फाटकी समजायची का? धुऊन, इस्त्री करून किंमत वाढेल का?
— वाचक, ऐरोली

उत्तर : धुऊ नका आणि इस्त्रीला तर हातही लावू नका! पाणी आणि उष्णतेने कागदाचा मूळ कडकपणा जातो, छपाईचा उठाव चपटा होतो. जाणकार हे नोट तिरक्या उजेडात धरताच ओळखतो आणि भाव पाडतो. डिटर्जंटने धुतलेला कागद अतिनील टॉर्चखाली निळसर पांढरा चमकतो. जुना चिंध्यांचा कागद मंदच दिसतो.

कापलेली असणे हा मात्र तिचा इतिहास आहे. टपालात चोरी होऊ नये म्हणून नोटेचे दोन तुकडे करीत. पहिला पोचल्याचे कळले की दुसरा पाठवीत. नंबर दोन्ही अर्ध्यांवर छापलेला असतो, तो जुळवून पाहा. जुळत नसेल तर दोन वेगळ्या नोटांचे तुकडे जोडलेले आहेत आणि किंमत बरीच उतरते.

मग शहराचे नाव पाहा. सुरुवातीला नोट त्या-त्या चलन मंडळातच, म्हणजे ज्या शहराचे नाव तिच्यावर आहे त्याच्या विभागातच, कायदेशीर होती. दहाची नोट १९१० साली सर्वत्र चालू लागली. मुंबई, कलकत्त्याच्या नोटा त्यातल्या त्यात मिळतात. अकोला किंवा नागपूर असेल तर विकायची घाई करू नका. साल ठरवताना छापील तारीखच धरा, जलचिन्हातल्या (वॉटरमार्कमधल्या) आकड्यांवर विसंबू नका. तो कागद बनवणाऱ्याचा संकेत असतो.

जोड खळीचा असेल तर तसाच राहू द्या. सेलोटेप असेल तर तिचा चिकट थर कागदात मुरून तपकिरी डाग पडतो, पण स्वतः ओढू नका, शाईसकट निघेल. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रात विचारा.

प्रश्न : पावसाळ्यात अल्बममधल्या नोटांवर तपकिरी ठिपके येतात.
— वाचक, बेलापूर

उत्तर : खाडीकाठची दमट हवा आणि पीव्हीसीचे पाकीट, दोन्ही दोषी. पीव्हीसी कालांतराने चिकट होते. पॉलिएस्टरची पाकिटे घ्या. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के हवी. जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडे करा किंवा बदला. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. लॅमिनेशन कधीही नको. नोटेत टाचणी असेल तर आधी ती सोडवा, गंज कागद खातो.