क्रँकसेटवर ८२ हजार? आधी फ्रेम मोजा

तुमच्या पत्रातली माहिती थोडक्यात अशी. वाळूजच्या कंपनीत क्वालिटी विभागात नोकरी, हातात पगार ४६ हजार, घराचा हप्ता साडेचौदा हजार, घरखर्च वीसेक हजार, पैठण तालुक्यात वडिलांची मोसंबी. बँकेत अडीअडचणीसाठी ठेवलेले ७० हजार. पुण्याहून १ लाख ३५ हजारांना घेतलेली जुनी सर्व्हेलो पी-टू ही ट्रायथलॉनची सायकल, तिच्यावर गोव्याची आयर्नमॅन ७०.३ (पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग स्पर्धा) पूर्ण करायची आहे. पेडल मारताना खालून करकर आवाज येतो. एरो बारवर (पुढे वाकून कोपर टेकायच्या हँडलवर) चाळीसेक किलोमीटर झाले की पोट दबतं आणि कंबर आखडते. दुकानदाराने पॉवर मीटरवाला (पायाची ताकद वॅटमध्ये मोजणारा) कार्बन क्रँकसेट, म्हणजे पेडलचे दांडे आणि पुढची दातेरी चक्रं, आणि सिरॅमिक बॉटम ब्रॅकेट, म्हणजे दांड्यांचा ॲक्सल ज्यात फिरतो ती फ्रेममधली बेअरिंग, सुचवलंय, किंमत ८२ हजार, बारा महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय. दुसरं कोटेशन २४,५०० चं आहे: ॲल्युमिनियमचा १६५ मिमी लांबीचा क्रँक (पेडलचा दांडा), पीएफ३० बॉटम ब्रॅकेट आणि मजुरी.

८२ हजारांचं घेऊ नका. २४,५०० चं घ्या, पण त्यातला बॉटम ब्रॅकेट बदलून घ्या आणि पैसे रोख द्या.

आधी त्या बॉटम ब्रॅकेटचं बोलतो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जाऊ शकतात. पीएफ३०, बीबीराइट आणि ३८६ इव्हो या बॉटम ब्रॅकेटच्या तिन्ही प्रकारांत फ्रेमच्या शेलचा (ब्रॅकेट बसतो त्या नळीचा) आतला व्यास ४६ मिमीच असतो. म्हणून काउंटरवर बसलेला माणूस ‘पीएफ३० चालेल’ असं सहज म्हणून जातो. फरक रुंदीत आहे. पीएफ३० ची रुंदी ६८ मिमी, बीबीराइटची ७९, ३८६ इव्होची ८६.५. सर्व्हेलोने बीबीराइटमध्ये शेल फक्त डाव्या बाजूला ११ मिमी वाढवला, चेनची बाजू तशीच ठेवली. ६८ मिमी शेलसाठी बनवलेला आखूड ॲक्सलचा क्रँक तुमच्या फ्रेममध्ये आरपार पोचणारच नाही. तुम्हाला हवा तो ‘बीबीराइट, २४ मिमी ॲक्सलसाठी’ असा बॉटम ब्रॅकेट. त्यातही दोन्ही बाजूंचे कप मधे एकमेकांत आट्याने आवळले जातात तो प्रकार मिळाला तर तोच घ्या. नुसत्या दाबून बसवलेल्या कपांपेक्षा तो सरळ रेषेत बसतो आणि करकर कमी करतो.

तुम्ही क्वालिटीत आहात, व्हर्नियर रोज हातात असतो. शेलची रुंदी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत स्वतः मोजा. ७९ आली की शंका मिटली. आतला व्यास मात्र जुना ब्रॅकेट काढल्यावरच नीट मोजता येईल.

आता क्रँकची लांबी. तुमची उंची पाच फूट पाच इंच आणि सायकलवर १७२.५ चा क्रँक आहे. १६५ केला की सीट साधारण ७.५ मिमी वर घ्यावी लागते, म्हणजे पेडल सगळ्यात वर असताना तुमच्या कंबरेच्या हिशेबाने पाय १५ मिमी खाली राहतो. मांडी पोटात घुसत नाही, कंबरेचा कोन उघडतो. एरो पोझिशनमध्ये ९० किलोमीटर काढून लगेच २१ किलोमीटर पळणाऱ्या माणसाला याची किंमत फार मोठी आहे. आखूड क्रँकने ताकद जाते ही भीती सोडा. २००१ सालच्या एका प्रयोगात १२० पासून २२० मिमीपर्यंतचे क्रँक तपासले होते. १४५ आणि १७० मध्ये जास्तीत जास्त पॉवरचा म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. दौलताबादच्या घाटात मात्र पाय जरा जड वाटेल, कारण तरफ चार टक्क्यांहून थोडी जास्त कमी होते. म्हणून पुढची छोटी चेनरिंग (दातेरी चक्र) ३६ किंवा ३४ दात्यांचीच ठेवा.

थोडक्यात, तुमचं पोट आणि कंबर सुटणार आहे ती लांबी बदलल्याने, आणि ती लांबी स्वस्त क्रँकमध्येही तितकीच मिळते. कार्बनने काही ग्रॅम वाचतील. सिरॅमिक बेअरिंगचा फायदा इतका लहान असतो की चांगल्या टायरांच्या जोडीतून त्याहून जास्त मिळतं. शिवाय आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या धुळीत ती बेअरिंग वरचेवर साफ करत बसावी लागतील.

पॉवर मीटरची तुमची ओढ मला समजते, ट्रेनिंगला त्याचा उपयोग खराच आहे. पण तो क्रँकमध्ये घेतला तर त्या ॲक्सलशी आणि त्या फ्रेमशी बांधला जातो. उद्या फ्रेम बदलली की निम्मा खर्च पुन्हा समोर येईल. पेडलमधला पॉवर मीटर कुठल्याही क्रँकवर चढतो, दुसऱ्या सायकलवर जातो आणि विकायला काढला तरी गिऱ्हाईक लवकर मिळतं. तो पुढच्या वर्षी, वेगळे पैसे साठवून घ्या.

हप्त्याचा हिशेब बघा. ८२ हजारांचे बारा हप्ते म्हणजे महिना ६,८३३. पगारातून घर आणि घरखर्च वजा जाता तुमच्याकडे साडेअकरा हजार उरतात, त्यातले मग ४,६६७ राहतील. जूनमध्ये बागेला खत, फवारणी आणि एखादं मोटारीचं काम निघालं तर वडील तुमच्याकडेच बघणार. नो-कॉस्टमध्येही बँक व्याज लावतेच, दुकानदार ते किमतीत सूट म्हणून वळतं करतो. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच खिशातून जाते, आणि रोखीत मिळाली असती ती सूट बुडते. शिवाय १ लाख ३५ हजारांच्या सायकलवर ८२ हजार म्हणजे किमतीच्या साठ टक्के. सायकल विकताना यातलं फार थोडं परत येतं.

बँकेतल्या ७० हजारांना हात लावू नका. तीन महिन्यांचा घरखर्च आणि हप्ता धरला तर १ लाख ३ हजार ५०० लागतात, तो निधी आधीच कमी आहे. महिना आठ हजार बाजूला काढा. तीन महिन्यांत २४ हजार जमतात, वरचे पाचशे कुठूनही निघतील.

तोवर करकरीचं काय? पेडल काढून आटे पुसा, ग्रीस लावून परत आवळा. चेनरिंगचे बोल्ट, सीटपोस्ट आणि मागचा हँगर (मागचा गिअर लटकतो तो तुकडा) तपासा. आवाज बॉटम ब्रॅकेटचाच आहे असं वाटतं आणि निम्म्या वेळा तो दुसरीकडून येत असतो. मग क्रँक धरून आडवा हलवून बघा. ढिलाई नसेल तर तीन महिने चालवा. आत्ता ३० मिमी ॲक्सलचा (पीएफ३० सारखा) ब्रॅकेट टाकून पुढे २४ मिमीचा क्रँक घेतलात, तर ब्रॅकेटचे आणि मजुरीचे पैसे दोनदा जातील. ढिलाई असेल तर मात्र लांबच्या राइड थांबवा.

जुन्या बाजारातला क्रँक घेणार असाल तर एक सांभाळा. शिमानोने सप्टेंबर २०२३ मध्ये जुलै २०१९ पूर्वी बनलेले ११ स्पीडचे (मागे ११ चक्रं असलेल्या सायकलींचे) अल्टेग्रा आणि ड्युरा-एस क्रँक तपासणीसाठी परत मागवले, कारण चिकटवलेले दोन भाग सुटून क्रँक तुटत होते. शिमानोचाच त्याखालचा ‘१०५’ हा क्रँक त्या यादीत नाही. तुमची सायकल ११ स्पीड आहे, तेव्हा ११ स्पीडचाच १०५ शोधा. १२ स्पीडचा क्रँक स्वस्तात मिळाला तरी त्याच्या चेनरिंग अरुंद चेनसाठी असतात.

ब्रॅकेट बसवायला दुकानात बेअरिंग प्रेस आहे का, हे सायकल सोडण्याआधी विचारा. हातोडीने ठोकला तर कार्बनचा शेल फुटू शकतो, आणि शेल गेला की फ्रेमच गेली. संभाजीनगरात तशी सोय सापडली नाही तर पुण्याला जाण्यायेण्याचा खर्च २४,५०० मध्ये आत्ताच धरा. सुटे भाग बाहेरून मागवण्याआधी कस्टम ड्युटी किती आणि वॉरंटी कोण देणार, हे विचारून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलच्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. तुमचं कोटेशन त्याआधीच्या दराने केलेलं असेल तर नवं मागा.

ॲडव्हान्स देताना बिलावर ‘बीबीराइट ७९ मिमी, ॲक्सल २४ मिमी, क्रँक १६५ मिमी, ११ स्पीड, न बसल्यास बदलून’ एवढं लिहून घ्या. दुकानदार लिहून द्यायला तयार नसेल, तर ॲडव्हान्स देऊ नका.