प्लान्ट हेडच्या जागेसाठी रेझ्युमे लिहिताना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

रविवारी तू ठेवून गेलेला रेझ्युमे मी तीनदा वाचला. तिसऱ्या वेळी मनाला बजावलं की ही मुलगी कोण ते आपल्याला ठाऊक नाही. चौदा वर्षांपूर्वी ती ट्रेनी म्हणून आपल्याच शॉपमध्ये आली होती, हेही विसरायचं. तसं वाचल्यावर पत्रच लिहायला बसलो. फोनवर हे सगळं नीट सांगता आलं नसतं.

चार पानं आहेत. उत्पादन, मेंटेनन्स, क्वालिटी, डिस्पॅच, ऑडिट, तू जे जे सांभाळलंस ते सगळं त्यात आलंय आणि एकही ओळ खोटी नाही. पण तू त्या खुर्चीत नसतीस तर काय अडलं असतं, ते मला चार पानांत सापडलं नाही. प्रॉडक्शन मॅनेजर घेताना मी एवढंच बघायचो, की याला काम येतं का. प्लान्ट हेड निवडणाऱ्या डायरेक्टरच्या मनात दुसराच प्रश्न असतो: हिच्या हातात कारखान्याच्या किल्ल्या देऊन मी महिनाभर निर्धास्त राहू शकतो का? तुझी प्रत्येक ओळ या प्रश्नाला उत्तर देते का, ते तपासत जा. जी देत नाही ती काढ, कितीही जिव्हाळ्याची असली तरी.

मलाही हे उशिरा कळलं. एका मोठ्या कंपनीत प्लान्ट हेडची जागा निघाली होती. मी पाच पानं पाठवली आणि मुलाखतीचं बोलावणंच आलं नाही. पुढे काही महिन्यांनी निवड करणारे गृहस्थ पंचवटी एक्स्प्रेसमध्ये समोरच्या बाकावर बसले होते. कसारा घाट उतरताना मी धीर करून विचारलं. ते म्हणाले, "तुमच्या कारखान्याची माहिती उत्तम होती. त्यात तुम्ही कुठे होतात?" ते वाईट बोलले नव्हते, तरी कल्याणपर्यंत मी गप्प होतो.

आपल्याकडे 'मी केलं' म्हणायची जीभ वळत नाही. 'आम्ही केलं', 'टीमनं केलं' असं म्हणायचं वळण घरातूनच लागतं. शॉप फ्लोअरवर ते वळण जप. सुपरवायझरचं श्रेय सुपरवायझरलाच मिळालं पाहिजे. पण रेझ्युमेत तुला निर्णयाची मालकी घ्यावी लागेल. प्रेसवरचा डाय, म्हणजे साचा, बदलायचा वेळ ९५ मिनिटांवरून २२ वर आला, ती मेहनत सेटरची आणि टूलरूमची. पण ऑर्डर डोक्यावर असताना दोन प्रेस आठ दिवस बंद ठेवायच्या आणि आधी हे काम उरकायचं, हे कोणी ठरवलं? एमडींच्या केबिनमध्ये जाऊन त्यांची नाराजी कोणी झेलली? ते लिही. त्याला बढाई म्हणत नाहीत. ज्याला उद्या असाच निर्णय तुझ्यावर सोपवायचा आहे, त्याला हे कळायलाच हवं.

यावर मला एक उपाय सापडला आहे. रेझ्युमे शेवटी इंग्रजीतच जाणार, पण आधी तो मराठीत सांग, अगदी मोठ्यानं. समोर तुझा जुना फोरमन बसलाय अशी कल्पना कर. इंग्रजीत 'रिस्पॉन्सिबल फॉर' आणि 'स्पिअरहेडेड' या शब्दांच्या आड खूप काही दडवता येतं. मराठीत फोरमनला "मी उत्पादकतावाढीच्या उपक्रमाचं नेतृत्व केलं" असं सांगून बघ, पहिल्याच वाक्याला अडखळशील. तो विचारेल, म्हणजे नक्की काय केलं मॅडम? त्यावर तू जे बोलशील तेवढंच इंग्रजीत लिही.

आता आकडे. तू लिहिलं आहेस, 'ओईई (मशिन्सची एकूण परिणामकारकता) ५८ वरून ७१ टक्क्यांवर नेला.' चांगलंच आहे. पण ज्यानं कारखाना चालवला आहे तो लगेच विचारेल: किती मशिन्सवर, किती महिन्यांत, आणि सायकल टाइमचा, म्हणजे एका नगाला लागणाऱ्या वेळेचा, पाया तोच ठेवला होता ना? शिवाय मागणी नसताना ओईई वाढला तर गोडाऊनमध्ये नुसता माल साचतो. म्हणून आकडा पैशापर्यंत नेऊन सोड. याच चार पानांत तिसऱ्या पानाच्या तळाशी तू एक ओळ टाकली आहेस, इन्व्हेंटरी ४२ दिवसांवरून २७ दिवसांवर आणली. अगं, हे तर पहिल्या पानावर पाहिजे! माल तयार करायला वर्षाला १२० कोटी खर्च होत असेल, तर दिवसाचे जवळपास ३३ लाख होतात. पंधरा दिवस कमी केलेस म्हणजे सुमारे ५ कोटी रुपये मोकळे झाले. तेवढी रक्कम बँकेच्या कॅश क्रेडिटवर असती तर व्याज किती गेलं असतं, ते डायरेक्टर मनातल्या मनात मोजेल. ओईईचं कौतुक प्रॉडक्शनवाल्यांना असतं, मोकळ्या झालेल्या पैशाचं कौतुक मालकाला. मात्र ग्राहकाचं नाव, त्याचे दर, तुमचं मार्जिन यातलं काहीही कागदावर येऊ देऊ नकोस. तिथं टक्केवारी पुरे. आजच्या कंपनीची गुपितं उघडी करणारी उद्या आपलीही करेल, असंच वाचणाऱ्याला वाटतं.

पहिल्या पानावर वरती पाच-सहा ओळींत तुझ्या कामाचा आवाका आला पाहिजे. कारखान्याची उलाढाल, कायम कामगार किती, कंत्राटी किती, तू कोणाला रिपोर्ट करतेस. आणि एक गोष्ट जी जवळजवळ सगळेच विसरतात: किती रुपयांपर्यंतचा खर्च तुझ्या सहीनं मंजूर होतो. हुद्द्याची नावं प्रत्येक कंपनीत वेगळी असतात, पण सहीची मर्यादा वाचली की अधिकार किती होता ते लगेच समजतं. 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' काढून टाक. तुला काय व्हायचंय ते तू अर्ज केलास तेव्हाच त्यांना कळलं.

अशीच आणखी एक विसरलेली गोष्ट. दोन वर्षं तुझं नाव कारखाने अधिनियम, १९४८ खाली 'फॅक्टरी मॅनेजर' म्हणून कळवलेलं होतं. अपघात झाला असता तर ऑक्युपायरबरोबर, म्हणजे कारखान्याचा अंतिम ताबा असलेल्या व्यक्तीबरोबर, तुलाही उत्तर द्यावं लागलं असतं. ही जबाबदारी तू पेललीस आणि रेझ्युमेत तिचा उल्लेखसुद्धा नाही! सुरक्षेच्या बाबतीत त्या दोन वर्षांत काय बदललं, तेही त्याच ओळीला जोडून लिही.

वेतन करार मात्र जपून लिही. युनियनशी बोलणी चालू असताना तू टेबलावर होतीस की बाहेर बसून आकडे काढून देत होतीस, ते जसं असेल तसं. 'करार घडवून आणला' असा अर्थ तुझ्या आत्ताच्या वाक्यातून निघतो. माझ्या आठवणीप्रमाणे उत्पादकतेचे निकष तू ठरवलेस आणि ते कामगारांच्या गळी उतरवण्यासाठी तिन्ही पाळ्यांना स्वतः बोललीस. रात्रपाळीलाही गेलीस. हे खरं आहे आणि पुरेसं मोठं आहे.

आपलं नाशिक या बाबतीत लहान आहे. सातपूर, अंबड, गोंदे, सिन्नर, कुठेही अर्ज कर, मुलाखतीच्या आधी कोणाचा तरी कोणाला तरी फोन जातोच. निमा किंवा आयमा या इथल्या उद्योजक संघटनांच्या कार्यक्रमात भेटलेला माणूस सहज विचारतो, "ती कशी आहे हो कामाला?" कागदावरचं आणि त्या फोनवरचं जुळलं पाहिजे. याच कारणासाठी रेझ्युमे व्हॉट्सॲपवर दहा जणांना पाठवू नकोस. तुझ्या एमडींना ती बातमी तुझ्याकडूनच कळायला हवी. त्यांनी तुला घडवलं आहे.

बाळाच्या वेळचे चौदा महिने तू दोन नोकऱ्यांच्या तारखांत मिसळून टाकलेस. ते वाचून मला वाईट वाटलं. त्यात लपवण्यासारखं काय आहे? एका ओळीत लिही: या महिन्यापासून त्या महिन्यापर्यंत, अपत्यजन्मामुळे कामातून विराम. शिवाय पडताळणी करणारे पीएफच्या नोंदी यूएएनवरून, म्हणजे पीएफच्या कायम खाते क्रमांकावरून, बघतात. तिथे तारखा निघाल्या की चौदा महिन्यांचा प्रश्न राहतच नाही, तुझ्या सचोटीचा प्रश्न उभा राहतो. सगळ्या तारखा रिलीव्हिंग लेटर समोर ठेवून तपास आणि लिंक्डइनवरही त्याच ठेव.

बाकी किरकोळ. दोन पानं, फार तर अडीच. पहिल्या सहा वर्षांना चार-पाच ओळी पुरेत. फोटो, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, शेवटचं प्रतिज्ञापत्र, सगळं काढ. रंगीत चौकटी आणि दोन-दोन कॉलमही नकोत. बऱ्याच कंपन्यांत रेझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि अशा मांडणीत मजकुराची सरमिसळ होते. गाव बदलायची तयारी असेल तर तसं स्पष्ट लिही. नाशिकची माणसं घर सोडत नाहीत, असा समज चाकणकडच्या एचआरवाल्यांचा असतो. पण आधी घरी बोलून घे. मुलाची शाळा, सासूबाईंची तब्येत, हे ठरल्याशिवाय ती ओळ लिहू नकोस.

गुरुवारी चारनंतर मी घरीच आहे, गंगापूर रोडलाच. येताना गेल्या पाच वर्षांची अप्रेझल्स आण, त्यात तू विसरलेलं बरंच काही सापडेल. नवा रेझ्युमे आत्ता नको. आवाक्याच्या त्या पाच-सहा ओळी तेवढ्या हातानं लिहून आण, तिथून सुरुवात करू.

तुझा,
सर