गरोदरपणात फ्लूची लस घ्यावी का?

पाचव्या महिन्यात फ्लूची लस सुरक्षित आहे का आणि ती कोणत्या कंपनीची घ्यावी, असे तुम्ही विचारले आहे. सुरक्षित आहे, घ्या. कंपनीचे डॉक्टर ठरवतील. ‘घरच्यांना पटत नाही’ हे तुम्ही जाता जाता लिहिलेत, म्हणून हे उत्तर लिहिते आहे.

2018 च्या जूनमध्ये, पुण्यात, मला सहावा महिना होता. धनुर्वाताच्या इंजेक्शनाला घरात कोणी हरकत घेतली नव्हती, पण फ्लूच्या लशीचे नाव निघताच थोरल्या दिरांनी भर जेवणात ‘विषाणू अंगात कशाला टोचून घ्यायचा?’ असे विचारले आणि रात्री एक बातमी पाठवली. ओळीने दोन वर्षे ही लस घेतलेल्या स्त्रियांमध्ये तिचा गर्भपाताशी संबंध दिसल्याचे अमेरिकेतल्या 2017 च्या एका अभ्यासात आले होते. बातमी खरी होती. पण यावरून लशीमुळेच गर्भपात होतो असे सिद्ध होत नाही, हे त्याच संशोधकांनी स्पष्ट लिहिले होते आणि मी तर ही लस पूर्वी कधीच घेतलेली नव्हती. हे सांगितल्यावर भाऊजी म्हणाले, ‘वाद घालू नकोस.’ 2009 चा स्वाइन फ्लू पुण्यात राहून पाहिलेल्या सासूबाई मात्र दुसऱ्या दिवशी स्वतः माझ्याबरोबर दवाखान्यात आल्या. संध्याकाळी केस बांधायला हात वर जाईना, एवढाच काय तो त्रास झाला. 2019 मध्ये त्याच संशोधकांच्या मोठ्या अभ्यासात तो संबंध आढळला नाही. तो मी भाऊजींना पाठवला. निळ्या खुणा दिसल्या, उत्तर आजतागायत नाही.

टोचायच्या लशीतला विषाणू मेलेला असतो, त्यामुळे तिने फ्लू होत नाही. शिवाय सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देता येत नाही. त्याला आईकडून वारेतून मिळालेल्या प्रतिपिंडांवरच (अँटिबॉडीजवरच) भागवावे लागते. बांगलादेशातल्या, 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लस घेतलेल्या मातांच्या बाळांमध्ये प्रयोगशाळेत निश्चित झालेला फ्लू 63 टक्क्यांनी कमी आढळला होता.

नाकात फवारायची लस जिवंत विषाणूची असते, ती गरोदरपणी घेऊ नये. पूर्वी एखाद्या लशीची तीव्र ॲलर्जी आली असेल किंवा सध्या ताप असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. तुमच्याकडेही कोणी भाऊजी असतील, तर त्यांना 2019 चा अभ्यास जरूर वाचायला द्या. मात्र त्यांचे वाचून होईपर्यंत थांबू नका, कारण लस घेतल्यावर प्रतिकारशक्ती तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात आणि पावसाळा तोंडावर आहे.