दिसेल तेवढंच धाव

प्रिय मुली,

तुझा निरोप काल रात्री दोनदा वाचला. रस्त्यावर सहा मिनिटांत होणारा किलोमीटर जंगलात साडेनऊ मिनिटं का खातो, त्यात घोटाही मुरगळला, मग आता नवे बूट घेऊ की हे सगळं सोडून देऊ, असं विचारलंस. दोन्ही नको. तुझ्या पायांत खोट नाही आणि बूटही बहुतेक ठीकच असतील. तुझे पाय डोळ्यांच्या पुढे पळताहेत, चूक एवढीच आहे.

माझ्याकडे सांगायला एकच गोष्ट आहे आणि ती मी या पत्रात पाच-सहा वेळा सांगणार आहे, कंटाळू नकोस. दिसेल तेवढंच धाव. पुढचं पाऊल कुठे पडणार ते दिसत नसेल तर वेग कमी कर. तरी दिसत नसेल तर चाल. चालतानाही दिसेना, तर थांब.

आधी त्या घड्याळाचं बघू, कारण तुझा अर्धा गोंधळ मनगटावरचा आहे. घड्याळ ठरावीक सेकंदांनी उपग्रहांच्या सिग्नलवरून तुझ्या जागेचा एकेक बिंदू घेतं आणि ते सरळ रेषेने जोडतं. नागमोडी पायवाटेवर त्या रेषा वळणं कापत जातात, वर दाट झाडीखाली सिग्नल भरकटतो. अंतर कमी भरतं आणि वेग होता त्याहून वाईट दिसतो. मग तू तो आकडा सुधारायला पाय उचलतेस, नेमकी उतारावर. अगं, जंगलात किलोमीटर मोजायचे नसतात, मिनिटं मोजायची. पन्नास मिनिटं ठरव आणि पन्नास मिनिटं हाल, मग त्यात पाच किलोमीटर होवोत की सात. घड्याळामागे घालवलेली वर्षं परत मिळत नाहीत, म्हणून आवाज चढवून लिहिते आहे.

आता घोटा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पायवाटांवर सागाची पानं पडलेली असतात. जेवणाच्या ताटाएवढं पान, वाळून पापडासारखं झालेलं, कडा वर वळलेल्या. वरून सगळं सपाट, एकसारखं तपकिरी दिसतं. त्या एका पानाखाली मुठीएवढा सुटा दगड असू शकतो, मूळ असू शकतं, किंवा मातीच नसते, नुसता खळगा असतो. तू लांब ढांग टाकतेस तेव्हा पाय शरीराच्या बराच पुढे पडतो आणि तो टेकेपर्यंत सगळा भार त्याच्यावर येऊन चुकलेला असतो. दगड हलला, पाऊल बाहेरच्या कडेवर गेलं, घोटा आत वळला, बाहेरच्या बाजूची लिगामेंट ताणली गेली. सावरायला वेळच उरत नाही. तेच पाऊल आखूड असतं, कमरेच्या बरोबर खाली पडलं असतं, तर दगड हलल्याचं कळताच भार दुसऱ्या पायावर नेता आला असता. म्हणून मिनिटाला १७० ते १८० पावलं, छोटी आणि हलकी. नजर बुटावर नको आणि लांब क्षितिजावरही नको, तीन-चार मीटर पुढे हवी. पानांचा थर दिसला की चाल. लाज कसली त्यात? पानांखालचं तुला दिसत नाही, मग धावतेस कशाला?

चढाचं सरळ आहे. श्वास इतका वाढला की पूर्ण वाक्य बोलता येत नाही, की धावणं सोड, तळवे गुडघ्यांच्या वर मांडीवर टेकव आणि ढकलत चाल. खड्या चढावर धावणारी तुझ्या फार पुढे जात नाही, फक्त माथ्यावर तुझ्यापेक्षा जास्त दमलेली पोहोचते. उतारावर मात्र सगळ्या जणी मागे रेलतात आणि टाचेवर ब्रेक मारतात. तिथेच घसरायला होतं, आणि मांड्या दोन दिवस भरून येतात. घोट्यातून किंचित पुढे झुक, हात पंखांसारखे बाजूला सोड, पावलं आणखी आखूड कर.

पावसाळ्यात प्रश्न वेगळा. आपल्याकडे कातळ बेसॉल्टचा. राखाडी आणि खरखरीत दिसतो तो ओला असला तरी धरतो. काळा चकचकीत म्हणजे हजारो पावलांनी गुळगुळीत झालेला. उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांच्या कोरलेल्या पायऱ्या बघ, मधला भाग झिजलेला असतो, म्हणून तिथे कडेने उतरायचं. हिरवट झाक दिसली तर शेवाळ, तिथे कुठलाच बूट धरत नाही. दुकानदार खोल दात्यांचे बूट दाखवेल. चार-पाच मिलिमीटरचे दाते चिखलात आणि सुट्या मातीत कामाचे. ओल्या कातळावर ते उलट नडतात, कारण दगडाला टेकणारं रबर कमी होतं. तिथे रबर मऊ असणं महत्त्वाचं, दाते नव्हेत. नवे बूट घ्यायचेच असतील तर संध्याकाळी घे, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा. अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेव, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. आणि बुटाला सगळ्यांत वर ते जादा भोक असतं ना, त्यातून नाडीचा छोटा फास करून दुसऱ्या बाजूची नाडी त्यात ओव. टाच जागची हलत नाही. सुती मोजे घालू नकोस, भिजले की फोड आणतात.

ओढ्याला गढूळ पाणी असेल तर मागे फिर. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर मागे फिर. तळ दिसत नाही, म्हणजे जायचं नाही, नियम तोच. पायाला साधं खरचटलेलं असलं तरी साचलेल्या पाण्यातून जाऊ नकोस. नंतर ताप आलाच तर डॉक्टरांना पाण्यात गेल्याचं आपणहून सांग, लेप्टोची, म्हणजे घाण पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाची, शंका त्यांना लगेच यायला हवी.

घामाचा हिशेब मुंबईत वेगळा करावा लागतो. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि न वाळलेला घाम अंग थंड करत नाही. एकदा धावण्याआधी आणि नंतर कमी कपड्यांत वजन कर. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला. मधे प्यायलेलं पाणी त्यात मिळव. तोच तुझा आकडा, मैत्रिणीचा चालत नाही. तासाला अर्धा लिटर ही सुरुवात धर. ओआरएस घेणार असशील तर मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात; अंदाजाने चिमूटभर टाकून उपयोग नाही.

आता ज्यावर मी अजिबात ऐकून घेणार नाही ते. पूर्ण उजाडल्याशिवाय जंगलाच्या वाटेवर पाय ठेवायचा नाही आणि अंधारायच्या बरंच आधी बाहेर यायचं. १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल बिबट्यांचं घर आहे आणि पहाट-संध्याकाळ ही त्यांच्या फिरण्याची वेळ. डोक्याला दिवा बांधून काही होत नाही, दिव्याला समोरचा गोल दिसतो, बाजूची कारवीची झुडपं दिसत नाहीत. कानात गाणी नकोत. आंधळ्या वळणावर चाल, आणि बोलत चाल. बिबट्या दिसलाच तर थांब, खाली वाकू नकोस, पाठ फिरवून पळू नकोस. तोंड त्याच्याकडे ठेवून सावकाश मागे सर. एकटी जाऊ नकोस. शिलोंढ्यासारख्या आतल्या वाटांना वन विभागाची परवानगी लागते, ती घे. तुळशी आणि विहारच्या काठाला जाण्याचा मोह टाळ. ते शहराला पाणी पुरवणारे तलाव आहेत, तिथे मोकळा प्रवेश नाही, आणि पाण्यात मगरी आहेत. साप चावला तर बांधणं, कापणं, चोखणं काहीही नाही. पाय स्थिर ठेवायचा, उचलून न्यायचं, थेट मोठ्या सरकारी रुग्णालयात.

थंडीत वाटेवर झुकलेल्या वेलींना अंगाला खाज आणणाऱ्या कुयलीच्या मखमली शेंगा लटकतात. लागल्या तर चोळू नकोस, चिकटपट्टी लावून ओढ, कुसं निघून येतात.

खाडीकाठी जाणार असशील तर पंचांग बघ. अमावास्या-पौर्णिमेला मुंबईत भरती बाराच्या सुमारास पूर्ण होते, म्हणजे सकाळी सहाला ओहोटी असते. सहाला निघालीस तेव्हा कोरडा दिसलेला खाजणातला रस्ता परतताना, नऊ-दहाला, पाण्याखाली जायला लागलेला असतो. उधाण असलं तर पाणी वेगानं चढतं. रोज भरती साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. चिखलात तिवरांची श्वसनमुळं पेन्सिली रोवल्यासारखी उभी असतात; बांध सोडून त्यांत पाय घालायचा नाही, तुझ्याही भल्यासाठी आणि त्यांच्याही.

मी सावकाश धावते असं म्हणणारे बरेच आहेत. म्हणोत. सावकाश धावणं आणि बघून धावणं यांतला फरक त्यांना कळत नाही, आणि तो समजावत बसण्याचा उत्साह माझ्यात राहिलेला नाही. तुला मात्र समजावते आहे, कारण जंगल सोडून देऊ का, असं लिहिताना तुझा शब्द अडखळला, हे मला वाचताना दिसलं.

तर घोटा. त्यावर भार देऊन चार पावलंही टाकता येत नसतील तर आजच एक्स-रे काढ. येत असतील तर सूज उतरू दे, मग रोज दात घासताना त्या पायावर तीस सेकंद उभी राहा. जमलं की भिंतीजवळ, डोळे मिटून. मुरगळलेल्या घोट्याला आपण कुठे आहोत हे नीट कळेनासं होतं, म्हणून तो पुन्हापुन्हा त्याच बाजूला वळतो. दुखणं थांबलं म्हणजे बरा झाला असं नाही. जोडीला टाचा उचलणं, पंधराचे तीन फेरे. डोळे मिटून तीस सेकंद न डगमगता झाले, की आधी मुख्य दरवाजापासून कान्हेरीपर्यंतच्या डांबरी रस्त्यावर धाव. तिथे हवा तेवढा वेग काढ, समोरचं सगळं दिसतं. सोमवारी उद्यान बंद असतं, उगाच खेप घालू नकोस. पायवाटेवर त्यानंतरच्या आठवड्यात, वीस मिनिटं, पानांवर चालत.

घरी आल्यावर ओले बूट उन्हात टाकू नकोस, डिंक सुटतो. आतलं तळवं बाहेर काढ, रद्दी कोंब, पंख्याखाली ठेव, दोन तासांनी रद्दी बदल. आणि मला वेळ कळवू नकोस. कुठे कुठे चाललीस ते कळव.

तुझी,
ताई