वनस्पतींमधली जिवाणूरोधक द्रव्यं: पीएचडी सुरू करतोयस त्याआधी

पहिलं काम प्रयोगशाळेत नाही, हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पती-नमुन्यांच्या संग्रहालयात. फांदी-फुलासकट नमुना दाबून, वाळवून पुण्याच्या आघारकर संस्थेत किंवा बीएसआयमध्ये (भारतीय वनस्पती सर्वेक्षण) ओळखून घे. काष्ठौषधींच्या दुकानातल्या पुडीवर प्रबंध उभारू नकोस, तिथे भेसळ फार.

अगार प्लेटवर अर्काभोवती जिवाणू न वाढलेलं मोठं वर्तुळ बघून हुरळून जाऊ नकोस, आणि छोटं बघून रेणू टाकूनही देऊ नकोस. तेलकट रेणू अगारमध्ये नीट पसरतच नाहीत, म्हणून चांगला रेणूही तिथे दुबळा दिसतो. ९६ खणांच्या प्लेटमध्ये एमआयसी, म्हणजे जिवाणूंची वाढ रोखणारी किमान मात्रा, काढ. रेझाझुरिन हा रंग घातला की जिवाणू जिवंत असलेल्या खणांत निळ्याचं गुलाबी होतं. निळ्या राहिलेल्या खणांतली सर्वांत कमी मात्रा म्हणजे एमआयसी. अर्क ज्यात विरघळवतोस त्या नुसत्या डीएमएसओ द्रावकाचा कंट्रोल प्रत्येक वेळी हवाच. गडद रंगाच्या अर्कात मात्र हा रंगबदल फसवा ठरतो.

अर्कातला रेणू वेगळा काढून शुद्ध केल्यावर परिणाम घटला तर नाउमेद होऊ नकोस. दारुहळदीतलं बर्बेरिन एकटं स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूपुढे कमी पडतं, कारण जिवाणूच्या पेशीपटलातला नॉरए नावाचा प्रथिन-पंप ते बाहेर फेकतो. दारुहळदीच्या बर्बेरिस या प्रजातीतल्याच काही जातींत तो पंप अडवणारा दुसरा रेणू असतो, हे २००० साली दाखवलं गेलं. मला या विषयातलं हे सर्वांत सुंदर काम वाटतं.

करिअरचं म्हणशील, तर कच्च्या अर्कावरच्या पेपरांचा ढीग आधीच पडलाय. एचपीएलसी (मिश्रणातले रेणू वेगळे करणारं तंत्र) आणि एनएमआर (रेणूची रचना सांगणारं तंत्र) यांचे आलेख स्वतः वाचायला शीक, रसायनशास्त्रातला सहमार्गदर्शक पहिल्याच वर्षी शोध. मानवी पेशींवरची विषारीपणाची चाचणीही लवकर उरक. परदेशी प्रयोगशाळेशी सहकार्य ठरत असेल, तर नमुने पाठवण्याआधी जैवविविधता कायद्याखालच्या परवानगीचं बघ.